निरंक

"हात दाखव," हवालदार म्हणाला.

मी दाखवले. तळवे वर करून, शाळेत छडी खायला धरायचो तसे. त्याने माझी बोटं पकडून हात खिडकीच्या उजेडात नेला. पोती उचलून उचलून तळव्यांना घट्टे पडले होते. ते त्याने अंगठ्याने दाबून पाहिले, बाजारात बैल पारखतात तसे. मग आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडला, "साहेब, हे पोट्टं नाही जी. बाप्या हाय चांगला."

ठाण्यातले सगळे हसले. मी पंधरा वर्षांचा होतो. भरदुपारी, भिंतीजवळ, नुसत्या चड्डीवर उभा.

समोर खुर्चीत प्रशांत बसला होता. मिलवाल्या शेठचा मुलगा. सातवीपर्यंत आम्ही एकाच वर्गात होतो, वयही एकच. त्याच्या हातात चहाचा कप होता. त्याचे हात कुणी पाहिले नाहीत.

भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. आम्ही ढिवर. गावच्या तलावात मासे धरणारे. तलावाचा ठेका गावातल्या मोठ्यांनी घेतला आणि आमची जाळी खुंटीला लटकली. बाप शेठच्या राइस मिलमध्ये हमाल झाला. सातवीनंतर मीही त्याच्या मागे गेलो.

मिलच्या जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार प्रशांतने काढली होती. त्याला मोबाइल हवा होता. "पोतं उचल," तो म्हणाला, मी उचललं. त्यांच्या मिलमध्ये मी दुसरं काय करायचो? अड्याळच्या बाजारात भंगारवाल्यापाशी आम्ही पोहोचलो तोच जीप आली. शेठने आदल्या दिवशी चोरीची तक्रार दिली होती. चोर घरातच आहे हे बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं.

शेठ स्कूटरवरून घाईघाईने आला. ठाणेदाराच्या टेबलासमोर बसला आणि एवढंच बोलला, "लेकराची जिंदगी खराब होईल, साहेब."

लेकरू म्हणजे प्रशांत.

मग माझा बाप आला. डोक्यावरचा दुपट्टा काढून हातात घेतलेला, चपला बाहेर ठेवलेल्या. ठाणेदाराने विचारलं, "मुलाचं वय काय?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मिलमध्ये कधीमधी तपासणीचा साहेब यायचा. म्हणून शेठने आमच्या सगळ्या मायबापांना पढवून ठेवलं होतं. कुणीही साहेब विचारो, पोराचं वय एकोणीस सांगायचं. नाहीतर पोराचं काम जाईल. माझा बाप हे इतक्यांदा बोलला होता की झोपेतही बोलला असता.

"एकोणीस, साहेब," बाप म्हणाला. "लागून गेलं जी."

आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. बरोबर उत्तर दिलं की माणूस पाहतो ना, तसं. माझं काम वाचवलं असं त्याला वाटत होतं.

मी म्हणालो, "बाबा, पंधरा."

हवालदाराची थप्पड कानावर बसली. "बाप खोटा आन् तू खरा?"

शेठ खाली मान घालून बसला होता. एकोणीसचा आकडा कुणाचा, हे त्या खोलीत त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. जिल्ह्याहून असावा, कारण ठाणेदार खुर्चीत सरळ झाला. महिनाभरातल्या अटकांची माहिती तो एकेक करून सांगत गेला. शेवटी माझ्याकडे पाहत, अगदी शांतपणे म्हणाला, "बालक? निरंक, सर. एकही नाही."

प्रशांतने चहा संपवला. बापाच्या स्कूटरवर मागे बसून घरी गेला. त्याला ठाण्यात आणलंच नव्हतं, असं झालं. आणि मला आणलं होतं, पण मी पोर नव्हतो.

मोठ्या माणसांच्या तुरुंगात मी काय पाहिलं ते मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही, इथेही सांगणार नाही. एका वकीलबाईने शाळेतून माझा दाखला काढला. कोर्टाने माझं प्रकरण बालकांच्या मंडळाकडे पाठवलं, तिथे ते मिटलं. कोर्टाने मला पुन्हा पंधराचा केला. ठाण्याच्या आकड्यात मात्र मी एकोणीसचाच राहिलो.

असं का करतात, हे मी त्याच वकीलबाईकडून समजून घेतलं. पोर पकडलं असं लिहिलं की कोठडीत टाकता येत नाही. बेडी घालता येत नाही. घरची चौकशी करून अहवाल द्यावा लागतो, मंडळापुढे न्यावं लागतं. आणि आकडा वाढला की वरून प्रश्न येतात. त्यापेक्षा शेठचं पोर असेल तर लिहायचंच नाही. आमचं असेल तर मोठं करून टाकायचं. तेही जमण्यासारखं नसेल, फारच बारकं असेल, तर दिवसभर बसवायचं, चार फटके द्यायचे आणि हाकलून द्यायचं. तिन्ही वाटांनी आकडा एकच येतो.

दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरायच्या आधी जीप आमच्या मोहल्ल्यात यायची. इंजिन बंद न करता उभी राहायची. तो घर्र आवाज ऐकला की बाया पोरांना तलावाच्या पाळीमागे पिटाळायच्या. जत्रेत चोऱ्या होऊ नयेत म्हणे, म्हणून जो सापडेल तो जायचा. संध्याकाळी यायचा, कधी लंगडत. काय झालं विचारायची सोय नव्हती, कारण काही झालंच नव्हतं.

बापाशी मी कित्येक दिवस बोललो नाही. पुढे तो आजारी पडला तेव्हा एकदा म्हणाला, "मले वाटलं बावा, तुयं काम सुटू नाही." तेव्हा माझा राग त्याच्यावरून उठला आणि जिथे जायला हवा होता तिथे गेला. अजून तिथेच आहे.

मिल सोडली. साउंड सर्व्हिसवाल्याकडे लागलो, पुढे स्वतःचा सेट घेतला. लग्नं, नाटकं, मंडई. एका साली शाळेत पोलिसांचा कार्यक्रम होता, मुलांना मार्गदर्शन. साउंड माझा. ठाणेदार नवा होता. मंचावर शाळा समितीचा अध्यक्ष म्हणून प्रशांत बसला होता. मला पाहून त्याने मान हलवली, आपण जुने मित्र असल्यासारखी.

मी मंडपाच्या मागे मशीनपाशी बसलो होतो. फोन थरथरला. माझी बहीण शालू.

"दादा, गोलूले जीपवाले घेऊन आले. मी ठाण्यात हाव. कोनाची तरी पाण्याची मोटार गेली मनते. मले त्याचं वय विचारून राहिले. काय सांगू? एकोणीस सांगू का?"

गोलू तिचा मुलगा, चौदाचा. ढाब्यावर काम करायचा. ढाब्याच्या मालकाने शालूला काय पढवलं असेल ते मला विचारावं लागलं नाही. तीच खोली, तीच भिंत, आणि तेच उत्तर माझ्या बहिणीच्या जिभेवर तयार.

"चौदा सांग," मी म्हणालो. "दुसरं कायीच बोलू नको. मी येऊन राहिलो."

मी उठतच होतो. मंचावर ठाणेदार सांगत होता, "मला अभिमान वाटतो की आपल्या ठाण्याच्या हद्दीत यंदा विधिसंघर्षग्रस्त बालकांची, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या मुलांची, संख्या निरंक आहे. निरंक म्हणजे काय, मुलांनो? एकही नाही!"

टाळ्या पडल्या. प्रशांतही वाजवत होता.

माझ्याजवळ जास्तीचा एक माइक असतो, आवाज तपासायला. तो मी चालू केला.

"साहेब, माया भाचा आता तुमच्या ठाण्यात बसला हाय. चौदा वर्साचा हाय. निरंक नका मनू."

सगळी मुलं मागे वळली. प्रशांतचे हात टाळी न वाजता तसेच राहिले. हेडमास्तर माझ्याकडे हात जोडत धावले. ठाणेदार हसला आणि माइकमध्ये म्हणाला, "कुणीतरी कनेक्शन बघा रे." मुलं खिदळली. मग तो मंचावरून उतरून माझ्यापर्यंत चालत आला, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "मंडईत साउंडची परवानगी कोण देतं, माहीत आहे ना?"

मी वायर काढली. मशीन तिथेच टाकून ठाण्यावर गेलो.

गोलू भिंतीजवळ होता. कान लाल, सुजलेला. शालू पदर तोंडात धरून बसली होती. मी पोहोचायच्या आधीच साहेबाचा फोन आला असावा. हवालदार म्हणाला, "घेऊन जाय पोट्ट्याले. कायी लिवलं नाही. नशीब समज."

शालूने गोलूला दंडाला धरून उठवलं.

मी म्हणालो, "लिवा."

"काय लिवू?"

"त्याले आनलं ते. काहून आनलं ते. त्याचं वय. आन् कानावर कोनं मारलं ते."

शालू रडायला लागली. "दादा, चाल ना. सोडून राहिले ना त्याले."

तिचं चूक नव्हतं. पोर सुटत होतं, आईला आणखी काय हवं? पण प्रशांतचं लिहिलं नाही, तेव्हा त्याची वाट मोकळी झाली होती. आमचं लिहीत नाहीत ते पुन्हा उचलता यावं म्हणून. तिला मी एवढंच सांगितलं, "न लिवता सोडलं त न लिवता पुन्हा आनतील."

आणि खाली बसलो. त्याच भिंतीला पाठ लावून. गोलूला शेजारी बसवलं. हवालदाराने शिव्या दिल्या. मग समजावलं. मग धमकावलं. ठाणेदार आला, आमच्याकडे न पाहता आत गेला. मी वकीलबाईला फोन लावला आणि त्यांना ऐकू जाईल असा बोललो. दिवस मावळायला आला तेव्हा त्यांनी लिहिलं. मी वाचून दाखवायला लावलं. वय वर्षे चौदा. मार कुणी दिला ते लिहिलं नाही, कान सुजल्याचं लिहिलं.

त्या साली मंडईची परवानगी मिळाली नाही. पुढच्या सालीही नाही. शालू माझ्याशी मोजकंच बोलते. आणि आठपंधरा दिवसांनी जीप माझ्या साउंडच्या दुकानासमोर येऊन उभी राहते. कुणी उतरत नाही. इंजिन चालू असतं.

राहू दे उभी. मी शटर पाडत नाही. माझ्या मुलाला अकरावं लागलं आहे. त्याचे हात अजून मऊ आहेत. एक दिवस ती जीप त्याच्यासाठी थांबेल हे मला माहीत आहे. त्याच्याकडून मी त्याचं खरं वय पाठ करून घेतलं आहे, मोहल्ल्यातल्या सगळ्या पोरांकडून आणि त्यांच्या मायबापांकडूनही. जे पोर उचलतील त्याच्या मागे मी ठाण्यात जाईन. त्या भिंतीजवळ बसेन. आणि लिहिल्याशिवाय उठणार नाही.