पाऊण तासाचा थांबा

सौदीतल्या दम्मामच्या त्या कॅम्पात ट्रेलर चालवणारे पुष्कळ होते, पण उल्हास पाष्टेसारखा न थांबणारा दुसरा नव्हता. जेद्दाला माल घेऊन निघाला की डिझेल, नमाजाची वेळ आणि निसर्गाची हाक सोडली तर कोणाच्या बापाची ताकद नव्हती त्याला थांबवायची. नमाजाला पंप बंद झाला तरी हा स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसायचा. बाकीचे ड्रायव्हर ट्रेलरच्या पेटीतला स्टोव्ह काढून सावलीला भात शिजवायचे, गप्पा हाणायचे. हा त्यांना हॉर्न देऊन पुढे सटकायचा. गुहागरकडच्या या माणसाला एवढी घाई कसली, ते कोणाला कळत नसे. खरं सांगायचं तर घाई कसलीच नव्हती. थांबलं की घर आठवायचं, म्हणून तो थांबत नसे.

घरी बायको अनुराधा आणि पाचवीतली मुलगी स्वप्ना. फोन फक्त शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी. स्वप्नाचं बोलणं ठरलेलं असे : "बाबा, मी बरी हाय, आईकडं देते." आणि ती फोन देऊन मोकळी व्हायची. यात तिची काय चूक? कळायला लागल्यापासून बाप तिला सुट्टीपुरताच दिसला होता, आणि आता दोन वर्षांत तोही नाही.

दोन हजार आठ साली उल्हासच्या डोक्यात युरोप शिरला. शिरवला विजयकुमारने. हा दम्मामचाच, माणसं परदेशी पाठवणारा एजंट. पोलंडच्या एका कंपनीला ट्रकवाले हवे होते, पोलंडपासून थेट स्पेनपर्यंत माल न्यायला. "गाडी ऐसी, कि घर भूल जाओगे," विजयकुमार म्हणाला. घर विसरायचीच सोय पाहणाऱ्या माणसाला आणखी काय पाहिजे? उल्हासने तिथल्या तिथे इकाम्याची, म्हणजे सौदीतल्या राहण्याच्या परवान्याची, झेरॉक्स त्याच्या हातात ठेवली. अट एकच होती. कंपनीने दिलेल्या तारखेला हजर व्हायचं आणि पहिलं दीड वर्ष सुट्टी मागायची नाही. तारीख चुकली की जागा दुसऱ्याची.

आता तयारी करायची तर ती शिकवणार कोण? कॅम्पात युरोप पाहिलेला एकही नव्हता. पण बंदराजवळच्या पार्किंगमध्ये तुर्की ट्रक उतरायचे. त्यांतला मुस्तफा नावाचा मिशाळ म्हातारा अर्धं आयुष्य जर्मनीच्या वाऱ्या करून आलेला. दोघांच्या मोडक्या अरबीवर शिकवणी सुरू झाली. बर्फात ब्रेक कसा दाबायचा, चाकांना साखळ्या कशा बांधायच्या, बोगद्यात शिरताना काय पाहायचं, हे सगळं मुस्तफाने वाळूत काटकीने काढून दाखवलं. शेवटी तो उल्हासच्या केबिनमध्ये चढला आणि स्पीडच्या काट्याजवळचं झाकण त्याने नखाने उघडलं. हे झाकण उघडतं, हेच उल्हासला ठाऊक नव्हतं. आत टॅकोग्राफ होता. मुस्तफाने खिशातून कागदाची गोल चकती काढून त्यात बसवली. गाडी किती चालली आणि किती थांबली, ते सगळं या चकतीवर उमटतं, म्हणाला. युरोपात कायदाच आहे, साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबायचं. पोलीस चकतीच बघतो.

"आणि दमलो नसलो तर?"

"तरी थांबायचं."

"माल उशिरा पोचला तर?"

"तरी थांबायचं. तू थांबणारा माणूस नाहीस. तुझं लायसन्स पहिल्याच महिन्यात जाईल. आत्तापासून सवय कर." आणि चहा मागवून तो खदखदा हसला.

मग उल्हासने सवय करायला घेतली. पुढच्या जेद्दाच्या खेपेला त्याने चकती घातली आणि साडेचार तास होताच रियाधच्या पुढच्या एका पंपावर गाडी लावली. इंजिन बंद केलं. आरसे पुसले. चाकांवर हातोडी मारून हवा पाहिली, मालाचे दोर ओढून पाहिले, चहा केला आणि प्यायला. घड्याळ पाहिलं तर अजून अर्धा तास उरलेला! या गृहस्थाने हजारो मैल वाळवंट तुडवलं होतं, पण नुसतं बसायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. बसल्या बसल्या त्याला परसातलं आंब्याचं कलम आठवलं. अनुराधा चुलीपुढून उठताना गुडघ्यावर हात ठेवते, ते आठवलं. स्वप्नाला आता दोन वेण्या घालता येत असतील का, हा प्रश्न पडला, आणि उत्तर ठाऊक नाही म्हणून जीव इतका कासावीस झाला की त्याने फोन काढला.

इथे त्याची फार मोठी चूक झाली. वार मंगळवार होता. गल्फमधल्या माणसाचा फोन शुक्रवारखेरीज आला तर तो एकाच कारणासाठी येतो, आणि तोही बहुधा दुसरंच कोणी करतं. अनुराधाने नंबर पाहिला आणि फोन कानाला लावायच्या आधीच हंबरडा फोडला. शेजारपाजारचे धावले. "अगं मीच बोलतोय, उल्हास! काय नाय झालंय!" असं तो इकडून ओरडत राहिला. ते तिच्यापर्यंत पोचायला बराच वेळ गेला.

"मग फोन का केलात?" ती हुंदके देत म्हणाली.

"असाच. थांबलो होतो म्हणून."

"तुमी? थांबलात?" तिचा विश्वास बसला नाही.

दर थांब्याला फोन होऊ लागला, तशी तिची भीती गेली. स्वप्नाला तर हा खेळच झाला. घरात रिंग तेवढी वाजायची, धड बोलण्यापुरती रेंज फक्त गोठ्यामागच्या उंचवट्यावर. फोन वाजला की ती उंचवट्यावर पळायची आणि धापा टाकत बोलायची. पहिल्या दोन-तीन फोनला बापलेकींना विषयच सापडेना. "जेवलीस?" "व्हय. तुमी?" मग दोघं गप्प. पण पाऊण तास मोठा असतो, आणि गप्प बसून तो संपत नाही. हळूहळू ती उलगडत गेली. वर्गातली अपेक्षा नावाची मुलगी तिच्याशी बोलत नाही. गोठ्यातल्या पाड्याने तिची वही चघळली. दोन वेण्या तिला येतात, पण मागचा भांग वाकडा जातो. उल्हास स्टेपनीवर बसून कानात प्राण आणून ऐकायचा, आणि तिने विचारलं की युरोपातला थांबायचा कायदा आणि चकती बघणारा पोलीस तिला सांगायचा. गाडी चालवतानाही आता त्याचं लक्ष पुढच्या थांब्याकडे लागलेलं असायचं. घर विसरायच्या तयारीला लागलेला माणूस घराच्या अशा काही नादी लागला, की मुस्तफाला कळलं असतं तर तो पुन्हा खदखदा हसला असता.

आणि नेमका तेव्हा पोलंडचा व्हिसा आला.

उल्हास जेद्दाला होता. तिथल्या अल अझीझिया भागातल्या एका दुकानात टाइल्स उतरवून घेत असताना विजयकुमारचा फोन आला. कफीलने, म्हणजे त्याच्या सौदी मालकाने, देश कायमचा सोडायच्या एक्झिटचा शिक्का मारला होता. करारानुसार कफीलने मुंबईचं तिकीट काढलेलं, पण ते बदलून पोलंडचं करता येणार होतं. "मुंबई जाने का टाइम नहीं है. शाम तक बोल दो, टिकट बदल देता हूं." उल्हासने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. गाडी काढली, मक्केला वळसा घालणाऱ्या रस्त्याने घाट चढला आणि ताइफ मागे टाकलं. सबंध रस्ताभर त्याला एकच वाटत होतं : घरातल्या कोणीतरी म्हणावं, नका जाऊ, घरी या. स्वतःहून कसं म्हणायचं? युरोपला निघालो म्हणून सगळ्या कॅम्पाला जिलबी वाटून बसलेला. आता मागे फिरला असता तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. घरून कोणी अडवलं तर गोष्ट वेगळी.

साडेचार तास झाले तेव्हा उन्हं कलली होती. पंपाच्या मागे त्याने गाडी लावली आणि फोन केला. आधी अनुराधाशी बोलला. सगळं सांगितलं, दीड वर्षही सांगितलं.

"तुमाला बरं वाटंल तसं करा," ती म्हणाली. "मी काय सांगनार?" आणि तिने फोन स्वप्नाकडे दिला.

उल्हासची सगळी आशा आता त्या पोरीवर होती. "स्वप्ना, मी युरोपला जाऊ काय गं?"

"जावा की!" ती लगेच म्हणाली.

"का गं? लांब हाय ते."

"तिकडं थांबायचा कायदाच हाय ना? नाय थांबलात तर पोलीस पकडतो. मग तुमाला रोज फोन करायलाच लागंल."

लेकीला बाप एवढाच हवा होता, आणि तेवढ्यासाठीही तिला पोलिसाची मदत लागत होती. डोळे भरून आले ते त्याने पुसले नाहीत. रडायला जागा बरी होती, आजूबाजूला कोणी नव्हतं.

"नाय जात मी," तो म्हणाला. "आधी घरी येतो. तिकडं ती जागा राहिली तर राहिली, नायतर गेली."

त्याला वाटलं, आता ती किंचाळेल, धावत सुटेल. पण ती उंचवट्यावरच उभी राहिली असावी.

"बाबा," ती आवाज बारीक करून म्हणाली, "आईला आताच नको सांगूया. मे महिन्यात पन येतो म्हनालावता. तिनं सगळं घर सारवलंवतं. मग तुमी नाय आलात तर दोन दिस जेवली नाय. तुमी आलात की तिला दिसंलच."

उल्हासने फोन ठेवला. मग विजयकुमारचा नंबर लावला. "टिकट मत बदलो. मुंबई का ही रहने दो."

"पागल हो गए हो क्या? जगह चली जाएगी. ये दुबारा नहीं मिलेगा."

"जाने दो, भाईसाब. तारीख कौनसी है टिकट की, वो बताओ."

तारीख ऐकून त्याने पुन्हा घरी फोन केला. स्वप्ना अजून तिथेच होती.

"तिकीट पक्कं झालं. येत्या शनिवारी मुंबईत उतरतो," तो म्हणाला. "आता सांग तिला."