देन्झोची जागा

सेत्सु खमकी बाई. जपानच्या होक्काइदो बेटावरच्या आपल्या गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं एकतीस वर्षं हारुमाक्या वळल्या. सेत्सुनं पारीत कोबीचं सारण भरून वळायचं आणि शेजारच्या कियोनोनं मैद्याची खळ लावून कड चिकटवायची. कियोनोनं लग्न केलं नाही. "तुझ्या नवऱ्यासारखा मिळाला असता तर केलं असतं बाई," म्हणायची. सेत्सु हसायची. हसायची, आता काय सांगायचं!

तिचा नवरा देन्झो. गोठलेल्या तळ्यावर गिरमिटानं भोक पाडून वाकासागी पकडायचं त्याला भारी वेड. बोटाएवढे ते मासे नेमके कुठं जमतात हे शोधण्यात त्याचे वीस हिवाळे गेले. देवळाची लाल कमान काठावरच्या एकुलत्या झाडामागे दडली, की तिथं थांबायचं. मरताना बायकोला म्हणाला, "कुणाला सांगू नकोस हं."

तिनं फक्त कियोनोला सांगितलं. बर्फावर एकटीला बसवेना. मग बारा हिवाळे दोघी एका तंबूत बसल्या. पहिला मासा हारुमाकीत घालून तिथंच तळायचा आणि अर्धी-अर्धी खायची, हा त्यांचा नेम.

यंदा बर्फ पुरेसा जाड होऊन तळ्यावर जायची परवानगी मिळाली त्याच दिवशी कियोनोचा निरोप आला, गुडघा धरलाय. सेत्सुचा जीव हळहळला. पहिला मासा तिच्या घरी नेऊन तळू म्हणून पाऱ्या, सारण, तेलाची बाटली घसरगाडीवर घालून ती एकटीच निघाली.

जागेवर पाहते तो काय, आठ लाल तंबू! आणि मधे सहलवाल्या कंपनीचं नवंकोरं जाकीट घालून, चांगली उकिडवी बसून हारुमाक्या तळतेय कियोनो.

"कमान झाडामागे दडली की थांबायचं," ती पर्यटकांना शिकवत होती. "आमच्या ह्यांनी शोधली हो ही जागा. वीस हिवाळे घालवले."

"काय नाव आजोबांचं?" एका मुलीनं विचारलं.

"देन्झो," कियोनो म्हणाली. वर लाजलीसुद्धा.

सेत्सुनं घसरगाडीची दोरी खाली टाकली. ती पुढं झाली.

"गुडघा बरा झाला वाटतं?"

कियोनोच्या हातातला झारा थांबला. "अगं, तू कंपनीला नाहीच म्हणाली असतीस. आणि लोकांना गोष्ट हवी असते गं..." तिनं घाईघाईनं ताटलीतली अर्धी हारुमाकी पुढं केली. "पहिल्या माशाची आहे. तुझी ठेवली होती."

"अख्खा नवरा गिळलास माझा, मग ही अर्धी कशाला उरवलीस? गिळ तीही!"

घसरगाडी ओढत ती माघारी फिरली. काठाजवळच्या झाडाशी आल्यावर मात्र तिला रडू आवरेना.

"अहो, सांगू नकोस म्हणाला होतात," ती म्हणाली, "आणि मी सांगितलं. जागा गेली त्याचं काही नाही हो. कियोनो तुम्हालाही घेऊन गेली."