दही-साखर आणि सुफिया सिस्टर

शिरूरच्या त्या मुलांच्या दवाखान्यात सुफिया सिस्टर चौदा वर्षं काम करते आहे, आणि या चौदा वर्षांत तिनं एकाही पोराला 'दुखणार नाही' असं सांगितलेलं नाही. बाकीचं सगळं जग सांगतं. आई सांगते, मुंगी चावल्यागत होईल. बाप सांगतो, नुसतं दाखवून यायचंय. मामा तर आइस्क्रीमचं नाव काढून गाडीवर पुढं बसवून आणतो, आणि दवाखान्याच्या पायरीशी आल्यावर पोराला उमगतं की इथं आइस्क्रीम नाही. तिथून पुढं जे रडणं लागतं ते सुईचं नसतं, फसवल्याचं असतं. मोठ्यांना हे कळत नाही. कळलं तरी वळत नाही. सुफियाला कळतं, कारण तिलाही एकदा असंच नेलं होतं.

ती मूळची दौंडची. सात वर्षांची असताना तिच्या पायाला गळू झालं. अब्बा, म्हणजे अयुबभाई, म्हणाले, चल, तुला गाडी दाखवतो. बापलेक स्टेशनाच्या दिशेनं निघाले आणि अलीकडच्याच गल्लीत डॉक्टरांकडं वळले. गळू फोडलं, पाय बरा झाला, पण त्यानंतर दोन-तीन वर्षं अब्बा 'चल' म्हणाले की ती विचारायची, कुठं ते आधी सांगा. अब्बा हसायचे. तिला हसू यायचं नाही. पुढं नर्सिंग शिकून, लग्न करून ती शिरूरला आली, या दवाखान्यात लागली, आणि तिनं स्वतःपुरता एक नियम घालून घेतला. पोराशी खोटं बोलायचं नाही. आणि पोरालाही सांगायचं, बाबा रे, तूही माझ्याशी बोलू नकोस.

तिची काम करायची रीत बघण्यासारखी. तिच्या सासूनं, लालबीनं, चिंध्यांची एक बाहुली शिवून दिली होती. पोरं तिला ठकी म्हणायची. ऑपरेशनच्या आधी सुफिया ती बाहुली पोराच्या मांडीवर द्यायची. ठकीला सलाईन लावायचं पोरानंच, ठकीच्या तोंडाला भुलीचा मास्क धरायचा पोरानंच. मग सुफिया सांगायची, आता तुझी पाळी. सुई टोचताना दुखेल. मी पाचपर्यंत मोजीन, तेवढंच दुखेल. कुठला हात द्यायचा ते तू ठरव. एवढ्याशा जीवाला कुणीतरी काहीतरी ठरवायला दिलेलं असायचं, त्यातच निम्मी भीती जायची. डॉक्टर म्हणायचे, सिस्टर, तुम्ही फार वेळ घेता. पण तिनं तयार केलेलं पोर आत ओरडत जात नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

गंमत म्हणजे आसपासच्या गावांत तिचं नाव भलत्याच कामाला यायचं. न्हावऱ्यात एखादं पोर जेवत नसलं की आया म्हणायच्या, गप जेव, न्हाईतर सुफिया सिस्टर ईल सुई घिऊन. तिला हे ऐकून वाईट वाटायचं. अर्धं आयुष्य पोरांची भीती घालवण्यात घालवावं आणि गावानं आपलाच बागुलबुवा करावा. पण कुणाकुणाच्या तोंडाला हात लावणार?

सार्थकही तिला असाच घाबरून आला होता. न्हावऱ्याचा, सहा वर्षांचा, जांघेत हर्निया. रडला, खोकला की तिथं लिंबाएवढा फुगा यायचा. फुगा अडकून बसला तर आतड्याला धोका, म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन लांबवू नका असं सांगितलं होतं. भूल देणाऱ्या मॅडम पुण्याहून फक्त गुरुवारी यायच्या, म्हणून गुरुवारच ठरला. आदल्या दिवशी तपासणीला आला तेव्हा तो आजीच्या पदराआडून सुफियाकडं बघत होता. तासाभरात ठकीचं ऑपरेशन करून मोकळा झाला. जाताना स्वतःहून म्हणाला की उद्या डावा हात देणार, कारण उजव्यानं गोट्या खेळायच्यात.

सुफियानं घरच्यांना तीन-तीनदा बजावलं. रात्री नऊनंतर याच्या पोटात काही जाता कामा नये. चहा नाही, दूध नाही, बिस्कीट नाही. बाप विक्रम रांजणगावच्या कंपनीत कामाला, त्यानं मुद्दाम शिफ्ट सोडली होती. त्यानं मान डोलावली, आई अनुपमानं डोलावली, आजी विठाबाईनं तर सगळ्यात जास्त डोलावली.

गुरुवारी सकाळी सार्थक शहाण्यासारखा आला. मोठ्यांना विचारलं, काही दिलं नाही ना? नाही. पण सुफियाचा रिवाज असा की शेवटी पोरालाच विचारायचं. तिनं विचारलं, आज पोटात काय काय गेलं रे?

"काय न्हाई," सार्थक म्हणाला. मग आठवून म्हणाला, "दही-साखर."

सुफियाच्या हातातला मास्क तसाच राहिला. किती, म्हणून विचारलं, तर त्यानं दोन्ही तळवे जोडून वाटी करून दाखवली.

विठाबाईला यात काही वावगं वाटतच नव्हतं. चांगल्या कामाला निघताना हातावर दही-साखर ठेवतात, तिच्या सासूनं तिला ठेवली, तिनं विक्रमला ठेवली, परीक्षेला ठेवली, कंपनीच्या मुलाखतीला ठेवली. "दही-साखर म्हंजी काय खाणं हाय व्हय, ताई?" ती म्हणाली. "शकुन असतोय त्यो. लेकरू उपाशीपोटी सुरीखाली चाललंय, त्येच्या हातावर दही बी ठिऊ नको?" एरवी चमचाभर ठेवते, आज पोर उपाशी म्हणून वाटीभर ठेवलं, एवढाच काय तो फरक.

माऊलीचं प्रेम वाटीत मावत नव्हतं आणि त्या वाटीनंच पोर गेलं असतं. भूल चढल्यावर पोटातलं वर येतं, श्वासनळीत उतरतं, आणि मग कुणाच्या हातात काही राहत नाही. मॅडमनी ऑपरेशन पुढच्या गुरुवारवर ढकललं. विक्रमचा तोल गेला. चारचौघांत, दवाखान्याच्या व्हरांड्यात, तो आईवर ओरडला, "पोरगं मेलं असतं म्हंजी? त्येच्या जीवावर उठली व्हतीस का, आये?" ज्या बाईच्या शब्दाबाहेर ते घर कधी गेलं नव्हतं, ती बाकड्यावर बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

सार्थक आजीकडं बघत होता. सुफियानं त्याला जवळ घेतलं, सांगितलं की तू फार चांगलं केलंस, खरं बोललास म्हणून वाचलास. पण ते त्याच्या कानात शिरलं नाही. त्याला एवढंच कळलं होतं की आपण तोंड उघडलं आणि आजीला शिव्या बसल्या.

त्या आठवड्यात सुफियाला स्वस्थता नव्हती. आपण चहा म्हटलं, दूध म्हटलं, बिस्कीट म्हटलं, दही कसं म्हटलं नाही? या मुलखात राहून, प्रत्येक शुभकामाला दही-साखर निघते हे माहीत असून? घरी पण ती तेच बोलत बसायची. लालबी म्हणाली, बेटी, तू काय खुदा आहेस? तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही.

पुढच्या गुरुवारी विठाबाई आली नाही. सार्थक आईचा हात धरून आला. सुफियानं ठकी पुढं केली, त्यानं घेतली नाही. कुठला हात म्हणून विचारलं, त्यानं खांदे उडवले. शेवटी तिनं विचारलं, आज काही खाल्लंस का?

"न्हाई."

आणि तेवढ्यात तिला त्याच्या कॉलरवर पांढरा वाळलेला डाग दिसला.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. सुफियानं पुन्हा विचारलं. न्हाई. खरं सांग राजा. न्हाई. मग तिनं जे कधीच केलं नव्हतं ते केलं. जीभ दाखव म्हणाली. पोरानं जीभ बाहेर काढली. जीभ पांढरट होती. रात्रभर उपाशी माणसाची जीभ पांढरट असतेच, हे तिला पाठ होतं, तरी त्या घटकेला तिला ते दही दिसलं. अनुपमा गळ्याची शपथ घेऊन सांगत होती, विक्रम सांगत होता. पण गेल्या गुरुवारीही ही दोघं असंच सांगत होती.

तिनं काय करावं? गप्प बसावं आणि ते दही निघावं, तर पोर जाईल. बोलावं आणि ते दही नसावं, तर पोराचा विश्वास जाईल. जीव मोठा की विश्वास, हा काय प्रश्न झाला? ती मॅडमना म्हणाली, "मला खात्री देता येत नाही." सार्थक तिथंच, तिच्या कमरेशी उभा होता. त्यानं ते ऐकलं.

मॅडमनी योग्य तेच केलं. त्याला शेवटी घेऊ म्हणाल्या, तीन वाजता, म्हणजे खाल्लं असलं तरी पोट रिकामं होईल. रात्री आठला जेवलेलं सहा वर्षांचं पोर दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत बाकड्यावर बसून राहिलं. सकाळी मॅडमना विचारून सुफियानं दोन घोट पाणी पाजलं, ते त्यानं प्यायलं, तिच्याकडं न बघता. शेजारच्या हॉटेलातून वडे तळल्याचा वास येत होता. त्याच्या देखत दोन पोरं आत गेली आणि कण्हत बाहेर आली. सुफिया दर अर्ध्या तासानं त्याच्याजवळ जाऊन बसायची, काहीतरी बोलायची. तो भिंतीवरचं ससा-कासवाचं चित्र बघत राहायचा. तिला वाटायचं उठून मॅडमना सांगावं, मी चुकले, घ्या याला आत. पण ती चुकली होती हे तिला तरी कुठं माहीत होतं?

तीन वाजता त्यानं दाराची कडी धरली ती सोडेना. बापानं आणि वॉर्डबॉयनं उचलून नेला. जो मास्क आठ दिवसांपूर्वी त्यानं ठकीच्या तोंडाला हळुवार धरला होता, तो सुफियाला स्वतःच्या हातानं त्याच्या तोंडावर दाबून धरावा लागला. "आज्जे, आज्जे" करत तो झोपला. तिनं पाचपर्यंत मोजलंही नाही. कुणासाठी मोजायचं?

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर खूश होते, मॅडम चहा पिऊन पुण्याला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुफिया वॉर्डात आली तेव्हा अनुपमा सार्थकला कॉटवर बसवून त्याचे दात घासत होती. पेस्टचा फेस हनुवटीवरून ओघळला आणि कॉलरवर, नेमका त्याच जागी, पांढरा ठिपका पडला.

सुफिया बघतच राहिली. मग तिनं अनुपमाला बाजूला घेऊन हळूच विचारलं की काल सकाळीही असंच झालं होतं का. अनुपमाला आधी प्रश्नच कळला नाही. कळल्यावर तिनं हातातल्या ब्रशकडं बघून मान डोलावली.

"सिस्टर, दही आणायचं कुठनं?" ती म्हणाली. "गोठ्यात दोन म्हशी हायेत, पन त्या दिवसापासनं सासूबाईंनी घरात इरजनच लावलं न्हाई. सांजच्याला समदं दूध डेअरीला घालत्यात. काल आम्ही निघालो तवा दारात बी आल्या न्हाईत. म्हनल्या, माझी नजर नको त्येच्यावर."

सुफियानं चौदा वर्षं सांभाळलेला पोरांचा विश्वास एका पेस्टच्या डागावर गेला, आणि तिकडं न्हावऱ्यात एका म्हातारीनं घरातलं दहीच बंद करून टाकलं. यात वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. हेच तर वाईट होतं. कुणावर राग काढावा म्हटलं तर माणूस सापडेना.

दुपारी घरी सोडायची वेळ झाली. सुफिया सार्थकच्या कॉटपाशी गुडघ्यावर बसली, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला येऊन. "काल तू खरं बोलला होतास," ती म्हणाली. "मीच विश्वास ठेवला नाही. माझं चुकलं, सार्थक."

त्यानं पहिल्यांदाच तिच्याकडं नीट बघितलं. राग नव्हता त्याच्या तोंडावर. गणित न सुटलेलं पोर बाईंकडं बघतं, तसा बघत होता.

"मंग पुढच्या बारीला म्या खरं सांगू का न्हाई?"

'सांग' म्हणणं किती सोपं होतं. दुसरी कुठलीही नर्स म्हणाली असती. पण पहिल्यांदा खरं सांगितलं तर याची आजी तुटली, दुसऱ्यांदा खरं सांगितलं तर हाच दिवसभर उपाशी राहिला. तिसऱ्यांदा काय होईल ते तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेलं पोराला ठामपणे सांगणं म्हणजे खोटंच. बाहेर विक्रमनं आणलेल्या गाडीचा हॉर्न वाजला. अनुपमानं पिशवी उचलली. सुफिया ओल्या बोळ्यानं त्याच्या कॉलरवरचा डाग पुसत राहिली, तो केव्हाच निघाला होता तरी, आणि सार्थक उत्तराची वाट बघत तिच्यापुढं बसून राहिला.