हिरामणचा एसी आणि वत्सलाबाईंच्या कुरडया
आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीतला पहिला एसी हिरामण कारकुनाने आणला! २००३ च्या एप्रिलात त्याने मनमाडहून जुना विंडो एसी टेम्पोतून नवरदेवासारखा मिरवत आणला. पण हिरामणच्या खोलीची एकुलती एक खिडकी सामाईक गॅलरीत उघडायची, त्यामुळे सगळी गरम हवा शेजारच्या वत्सलाबाईंच्या अंगावर!

“काढ तो बंब, नाहीतर मी उपटते!” त्या कडाडल्या.

“काकू, तासभर तरी गार होऊ द्या!”

तासाभरात, गॅलरीच्या सावलीत दोन दिवस ओल्या राहिलेल्या त्यांच्या कुरडया खडखडीत वाळल्या. वत्सलाबाईंनी एक मोडून पाहिली.

“हिरामण, बंद करू नकोस रे! उद्या पापड घालतेय.”

“आणि लाईटबिल?”

“अर्धं माझं!”

तेव्हापासून हिरामण दारोदार विचारत फिरतो, “वहिनी, यंदा पापड नाही घातलेत?”