स्वरयंत्र काढल्यावर

"कॅन्सर आहे. स्वरयंत्रावरच आहे," डॉक्टर म्हणाले. बायोप्सीचा रिपोर्ट त्यांनी माझ्याऐवजी माझ्या पत्नीच्या, सुशीलाच्या हातात दिला. बायोप्सी म्हणजे गाठीचा लहानसा तुकडा काढून तपासणं. त्या रिपोर्टची वाट बघत आम्ही नगरच्या हॉस्पिटलात सकाळपासून बाकावर बसलो होतो.

"टोटल लॅरिन्जेक्टमी करावी लागेल. म्हणजे स्वरयंत्र पूर्ण काढायचं आणि श्वासासाठी इथं कायमचं छिद्र ठेवायचं." त्यांनी स्वतःच्या गळ्याखालच्या खळगीवर बोट ठेवलं. "तुम्ही काय काम करता?"

"पाळक आहे. मंडळीत उपदेश करतो." माझा आवाज तेव्हाच निम्मा गेला होता.

डॉक्टर म्हणाले, "आवाज जाईल. पण तुम्ही राहाल, अशी चांगली शक्यता आहे."

मी पारनेर तालुक्यातल्या एका गावात ख्रिस्ती मंडळीचा पाळक आहे. आमच्या देवळात माईक होता, पण मला तो कधी लागला नाही. नाताळनंतर घसा बसला तेव्हा हळदीचं दूध, ज्येष्ठमध, गुळण्या यांत महिने घालवले. मी कधी विडी ओढली नाही, तंबाखू खाल्ली नाही, त्यामुळे भलतीच शंका मनात आली नाही. व्यसन नसलेल्यांनाही हा आजार होतो, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. हे वाचणाऱ्या कुणाचा घसा दोन-तीन आठवड्यांत मोकळा होत नसेल, तर कृपा करून घशाच्या डॉक्टरांकडे जा. काढे नंतर घ्या.

मंडळीनं उपास धरले. बाहेरगावचे एक सुवार्तिक, म्हणजे फिरते धर्मप्रचारक, आले होते, त्यांनी माझ्या गळ्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना केली. जाताना म्हणाले, "पाळकसाहेब, ऑपरेशन केलंत तर तुमचा विश्वासच नव्हता असं होईल."

ते निघून गेले, पण त्यांचं वाक्य घशात काट्यासारखं अडकलं. आजवर मी किती खाटांशी गुडघे टेकले होते! विश्वास धर, असं किती जणांना सांगितलं होतं! मग माझ्याजवळच तो नव्हता का? खरा पाळक असतो तर बरा झालो नसतो का? मी हॉस्पिटलला फोन करून ताप असल्याचं सांगितलं आणि ऑपरेशनची तारीख पुढं ढकलली. नंतर पुन्हा एकदा ढकलली. आडवं झालं की श्वास अडकायला लागला.

शेवटी सुशीलानंच पिशवी भरली. ती अंगणवाडीत काम करते, फार बोलत नाही. "तुमचा आवाज नसला तर मला चालंल," ती म्हणाली. "तुमी नसलात तर न्हाई चालायचं. मला एवढंच कळतं."

मी निघालो. विश्वासानं निघालो असं म्हणता येणार नाही. तिच्या मागून चालत गेलो.

शुद्धीवर आलो तेव्हा ती शेजारी होती. मी तिला हाक मारायला गेलो. ओठ हलले आणि गळ्याच्या छिद्रातून नुसती हवा बाहेर पडली. त्या छिद्राला स्टोमा म्हणतात. श्वास तिथूनच, खोकला तिथूनच, कफही तिथूनच. सक्शन म्हणजे त्या छिद्रात नळी घालून कफ ओढून काढणं. प्रत्येक वेळी जीव आत ओढला जातोय असं वाटायचं आणि डोळ्यांतून पाणी यायचं. जेवण नाकातल्या नळीनं. नाकातून श्वास नाही, म्हणून वास नाही. पुढं तोंडानं चहा घ्यायला लागलो तेव्हा कळलं की फुंकरही मारता येत नाही. या बारीक गोष्टी कुणी आधी सांगत नाही, म्हणून लिहितोय.

मग रेडिएशन, म्हणजे किरणांचा उपचार. चेहऱ्यावर प्लास्टिकच्या जाळीचा मुखवटा बसवून तो टेबलाला घट्ट करतात, आणि सगळे खोलीबाहेर जातात. बाहेरच्या बाकांवर गळ्याला रुमाल बांधलेली माणसं बसलेली असायची. तिथं कुणी बोलत नसे. बऱ्याच जणांना बोलता येतच नव्हतं.

त्या दिवसांत मी प्रार्थना सोडली. ठरवून नाही. माझी सगळी प्रार्थना आवाजात होती. नुसते ओठ हलवले की सोंग केल्यासारखं वाटायचं. देव गप्प होता आणि मीही.

गावी परतल्यावर मंडळीतले वडीलधारे याकोबमामा भेटायला आले. मी पाटीवर लिहिलं, "दुसरा पाळक बघा." त्यांनी वाचलं आणि बाहीनं पाटी पुसून टाकली. "बघू," म्हणाले.

तोवर रविवारी पारनेरहून कुणीतरी उपासनेला यायचं. मी दाराजवळ शेवटी बसायचो, कफ आला तर पटकन उठता यावं म्हणून. हॉस्पिटलनं इलेक्ट्रोलॅरिंक्स नावाचं यंत्र दिलं होतं. ते बॅटरीवर चालतं, दिसायला टॉर्चसारखं. हनुवटीखाली दाबून धरलं की गुरगुरतं, मग ओठांनी शब्द घडवायचे. पिठाच्या गिरणीतून कुणी बोलावं तसा आवाज येतो. मी दार लावून सराव केला, त्या आवाजाची किळस आली, आणि यंत्र कपाटात टाकून दिलं.

मग मंडळीतल्या रत्नाबाईचा मुलगा विजय गेला. कॉलेजातून येताना हायवेवर टेम्पोनं मोटारसायकल उडवली. तिचं ते एकच लेकरू.

याकोबमामा सांगत आले, "रत्ना म्हनतीय, पाळकसाहेबच पायजेत."

मी मान हलवून नाही म्हणालो. पण तिच्या दारी जाणं भाग होतं. सुशीलानं कपाटातलं यंत्र माझ्या झोळीत टाकलं.

रत्नाबाई विजयच्या शवपेटीशी बसली होती. माझ्याकडं बघून म्हणाली, "बाप्तिस्म्याचं पानी तुमी लावलंत त्याला, पाळकसाहेब. मातीबी तुमीच द्या."

तिच्यापुढं मान हलवता आली नाही.

कबरस्तानाच्या वाटेवर मी बऱ्याच महिन्यांनी ओठ हलवले. प्रभू, मला पळून जाऊ देऊ नकोस, एवढंच मागितलं. उत्तर जाणवलं नाही. छातीवरचं ओझं तसूभरही हललं नाही.

कबरीपाशी यंत्र लावलं. तो गुरगुराट सुरू झाला तशी मागं दोन पोरं हसली, त्यांना कुणीतरी चापट मारली. एका माणसानं तोंड फिरवलं. घामानं यंत्र सरकायचं आणि शब्द मधेच तुटायचा. मग कफ आला. सगळ्यांसमोर मला पाठमोरं होऊन रुमालानं छिद्र पुसावं लागलं. ज्या गोष्टीच्या भीतीनं मी घरात कोंडून घेतलं होतं, ती नेमकी तिथंच घडली. आता जावं, असं वाटलं.

"म्हना, पाळकसाहेब," रत्नाबाई म्हणाली. "आमी हाय हितं."

मी परत वळलो. ते बळ कुठून आलं, हे मला एकाच तऱ्हेनं सांगता येतं: सकाळी ते माझ्याजवळ नव्हतं, आणि माझं मी ते आणलं नव्हतं. विजयचं नाव घेतलं. मृतांच्या उठण्याची आशा सांगितली. एकेक शब्द, सावकाश. किती जणांना कळला, ठाऊक नाही. खड्ड्यात विशीच्या आतलं पोर होतं, ते का गेलं याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, आजही नाही. पण विधी अर्धा टाकून मी गेलो नाही. शेवटची माती पडेपर्यंत उभा होतो.

मला वाटायचं, आधी बळ येतं आणि मग माणूस उठतो. माझ्या बाबतीत ते ऐन वेळी आलं, आणि त्या वेळेपुरतंच. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा घाबरलेलाच होतो. अजूनही दर तपासणीला कॅमेऱ्याची नळी आत जाते तेव्हा मी डॉक्टरांचा चेहरा वाचत बसतो. उपासना पुन्हा घेऊ लागलो आहे. दोन-तीन घरं दुसरीकडं जातात. पाळकांचं बोलणं समजत नाही म्हणतात. त्यांचं खोटं नाही. उरलेली मंडळी पुढच्या बाकांवर सरकून बसते. त्यांचा आणि सुशीलाचा मी ऋणी आहे, आणि ज्यानं मला तिथं उभं ठेवलं त्या प्रभूचा.

गेल्या महिन्यात हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या सिस्टरनी एका पेशंटशी बोलायला बोलावलं. जामखेडकडचे रशीदभाई, बाजार समितीत कांद्याची बोली पुकारणारे. त्यांचं माझ्यासारखंच ऑपरेशन दुसऱ्या दिवशी ठरलं होतं आणि ते नको म्हणून बसले होते. खाटेशी त्यांची बायको होती.

त्यांनी माझ्या गळ्याकडं बराच वेळ पाहिलं. मग खरखरत्या आवाजात विचारलं, "खरं सांगा साहेब. आसं जगन्यापरीस मेलेलं बरं न्हाई का?"

मी यंत्र हनुवटीखाली धरलं. "नाही."

तो आवाज ऐकून त्यांची बायको दचकली. रशीदभाई मात्र हलले नाहीत.

"परत सांगा."

"नाही," मी म्हणालो. हा प्रश्न काही महिन्यांपूर्वी विचारला असता, तर मी खाली बघितलं असतं.

ते बायकोकडं वळले. म्हणाले, "सिस्टरला बोलीव. म्हनावं, उद्याचं आपरेशन करा."