समुद्रसशाला गोडं पाणी

अंबूबाईला किळस ठाऊकच नव्हती. कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजात ती प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा झाडायची, फाडलेल्या बेडकांची आतडी हातानं गोळा करायची आणि तेच हात धुऊन भाकरी खायची. मी तिथं प्रात्यक्षिकं शिकवायचो आणि नाक दाबून फिरायचो. नवरा वारल्यापासून तिच्या दोन पोरींचं पोट या पगारावरच होतं.

त्रेपन्न साली आमच्या प्रोफेसरांनी रत्नागिरीहून समुद्राच्या पाण्याच्या बादलीत एक जिवंत समुद्रससा आणला. नाव गोंडस, पण ध्यान ओंगळ! बिनशंखाची वीतभर गोगलगाय ती. अंग बुळबुळीत, रंग कुजक्या पाल्याचा, डोक्यावर सशाच्या कानांसारखी दोन शिंगं. ओहोटीला खडकांतल्या डबक्यात राहायचं आणि शेवाळ चरायचं, एवढाच तिचा उद्योग. बादलीच्या कडेला तिनं पिवळट अंड्यांच्या दोऱ्यांचा गुंता घातला. तेव्हापासून शेवयांची खीर माझ्या घशाखाली उतरलेली नाही.

शनिवारी मुलांना दाखवायला मी त्या जनावराला चिमट्यानं डिवचलं. त्यानं भसकन जांभळा रंग सोडला. शत्रूला गोंधळवायला ते असं करतं, हे मी मुलांना सांगितलं. मुलं गेल्यावर अंबूबाईनं विचारलं, हे रक्त का? मला बोलायचाही कंटाळा आला होता. हो म्हणालो आणि सटकलो.

सोमवारी ते मेलेलं होतं. फुगून पांढरं पडलेलं, आणि घाण वास पार जिन्यापर्यंत. प्रोफेसर संतापले. पाणी कुणी बदललं?

"म्या," अंबूबाई म्हणाली. "रगात गळत हुतं त्याचं. आमच्या रानात गोगलगाईवर मीठ टाकलं की ती इरघळून मरत्या. ह्ये तर मिठाच्या पाण्यातच कोंडलं हुतं. म्हणून हिरीचं गोडं पाणी घातलं."

तो नुसता रंग, रक्त आहे असं कुणी सांगितलं, प्रोफेसरांनी विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी शनिवारच्या रंगानं माखलेला चिमटा पुसत राहिलो. तिनं माझं नाव घेतलं नाही. उद्यापासून येऊ नको, असं त्यांनी बजावलं तेव्हाही नाही.

ते बुळबुळीत मढं तिनं दोन्ही हातांनी उचललं, मागं पेरूच्या झाडाखाली पुरलं आणि बादली घासून पालथी घातली. जाताना माझ्यापाशी थांबली.

"मास्तर, तुमच्या हाताला रंग लागलाय की. धुऊन घ्या."

मला स्वतःचीच शिसारी आली. प्रोफेसरांची खोली चार पावलांवर होती. मी गेलो नाही.