फुगडीसाठी कापडी बूट

श्रावणाला आठ आठवडे उरले होते तेव्हा बायकोने उजवा पाय माझ्यापुढे धरला. अंगठ्याच्या बुडाशी हाड बाजूला फुगून लाल झालं होतं आणि अंगठा शेजारच्या बोटावर कलला होता. विरारमधल्या मंगळागौरीच्या एका गटात ती खेळते. बारा जणी, बहुतेक पन्नाशीच्या. नव्या नवरीच्या घरी पूजा झाली की नऊवारी नेसून झिम्मा, पिंगा, फुगडी. अकरा वर्षं फुगडीला तीच पुढे असते. फुगडीत दोघी पायाला पाय भिडवून, मागे झुकून, चवड्यांवर गरागरा फिरतात. सगळा भार नेमका त्या हाडावर.

आगाशीच्या एका घरचं मंगळागौरीचं आमंत्रण आधीच घेतलेलं होतं. "जमत नसेल तर आत्ताच सांग बाई," गटाची म्होरकी फोनवर म्हणाली. "दुसरी तयार करायला महिना जाईल."

"जमेल," बायको म्हणाली. फोन ठेवून माझ्याकडे वळली. "अहो, जमेल ना?"

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. याला बनिअन म्हणतात, असं सांगून त्यांनी पुढचं सरळ मांडलं. वाकलेलं हाड इनसोलने, म्हणजे बुटाच्या आत घालायच्या तळाने, सरळ होत नाही. ते शस्त्रक्रियेनेच होतं आणि नंतर काही आठवडे खास बूट घालून जपून चालावं लागतं. इनसोलने पायावरचा भार वाटला जातो, दुखणं कमी होऊ शकतं. जोडीला पुढून रुंद बूट, दोन बोटांमध्ये सिलिकॉनचा तुकडा, बोटांचे व्यायाम, सूज आली तर बर्फ.

"आणि फुगडी?"

"सहा आठवड्यांनी दाखवा, मग बोलू."

शस्त्रक्रिया म्हणजे श्रावण गेला. तिने इनसोल निवडले.

ते वालीवच्या एका गाळ्यात बनतात. कारागिराने मऊ फोमचं खोकं जमिनीवर ठेवून त्यात तिचा पाय दाबला आणि उचलला. आत टाच, कमान, पाच बोटं, सगळं जसंच्या तसं. "बघा ताई, वजन सगळं आतल्या बाजूला पडतंय." ती गुडघ्यांवर हात टेकून वाकली आणि स्वतःच्याच पावलाकडे पाहत राहिली. साडीच्या दुकानातही तिचा चेहरा इतका उजळलेला मी पाहिला नव्हता. आठवड्याने इनसोल आणि रुंद बूट घरी आले.

तीन आठवड्यांनंतरही दुखणं तसूभर हललं नव्हतं. आम्ही पुन्हा वालीवला गेलो. कारागिराने इनसोल बाहेर काढले, बोटाने दाबले, खिडकीशी नेऊन तिरपे धरले.

"ताई, हे वापरले कधी?"

"रोज घालते हो!"

"किती वेळ?"

ती बोटांवर तास मोजू लागली. मीही मनात दिवस मांडून पाहिला. घरात अनवाणी, स्वयंपाकाला अनवाणी. सरावाच्या हॉलमध्ये बूट दाराबाहेर. उरला तो जातायेताचा रिक्षातला वेळ, आणि रिक्षात ती बसलेली असते. वर्तमानपत्रात इतकी वर्षं बातम्या तपासल्या, पण घरातली ही गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती.

"बुटांना आराम पडला असेल," कारागीर म्हणाला. "पायाला कसा पडणार?"

आधी हसली तीच. मग तिने त्याला विचारलं, घरात चालेल असं काही करता येईल का? चार दिवसांत त्याने कापडी बूट शिवून दिले. पातळ रबरी तळ, चामडं कुठेही नाही, आत तिचेच इनसोल. आता ओट्याशी उभी राहताना ते तिच्या पायात असायचे आणि सरावालाही.

"नऊवारीखाली बूट!" गटातली एक ओरडली. "आता क्रिकेट खेळायचं काय?"

"बॅट तू आण."

पहिले काही दिवस ती कडेला उभी राहून टाळ्यांचा ठेका धरायची. मग झिम्मा, मग पिंगा. सहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला. हाड होतं तिथेच होतं, पण सूज उतरली होती. थोडी फुगडी खेळा, दुखलं की थांबा, असं ते म्हणाले. त्या संध्याकाळी आमच्या घरात श्रीखंड आलं.

आगाशीच्या घरात मधल्या खोलीतच गौर मांडली होती. दुपारची वेळ, बायकांनी खोली भरलेली. बायकोने पिशवीतून कापडी बूट काढले आणि म्होरकीने तिचा हात धरला.

"गौरीपुढे बूट? नको गं. घरचे काय म्हणतील?"

बायको बूट हातात धरून उभी राहिली. बूट नाहीत तर फुगडी नाही, हे तिला आणि मला ठाऊक होतं. नवरीची आजेसासू खुर्चीत बसली होती. तिने हात पुढे केला. "आण इकडे." बूट उलटे करून तिने तळावर बोट फिरवलं, ते बोट उजेडात पाहिलं.

"कातडं आहे?"

"नाही आजी, कापड आहे."

"रस्त्याला लागलेत?"

"घर आणि सरावाचा हॉल, बाकी कुठे नाही."

"मग घाल की! माझ्या गुडघ्याचा पट्टा गौरीला चालतो, तुझं हे का नाही चालणार?"

मी दारातल्या पुरुषांत उभा होतो आणि फक्त पायांकडे पाहत होतो. नवरी समोर आली. पायाला पाय भिडले, हातांची अढी पडली, दोघी मागे झुकल्या. पहिला फेरा सावकाश. दुसरा वेगात. मग काठ, पदर, बांगड्या, काही वेगळं दिसेना. खाली ते दोन कापडी बूट एका जागी थडाथड आपटत होते. बायका मोठमोठ्याने फेरे मोजायला लागल्या, मीही मोजायला लागलो.

"काकू, बस! बस!" नवरी ओरडली आणि हसत खाली बसली.

बायको उभीच होती, घामाने भिजलेली, दोन्ही हात पुढे केलेले.

"पुढची कोण?"